मृग लागला म्हणजे नेमकं काय होतं? जाणून घ्या सूर्य आणि पेरणीचं नातं

७-८ जून उजाडला की गावोगावी एकच बोलणं, 'मृग लागला!' पण लागतो म्हणजे काय? तर त्या दिवशी सूर्य मृग नक्षत्रात शिरतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे आपल्याला सूर्य वर्षभरात २७ नक्षत्रांतून सरकताना दिसतो. एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस. थंडीत रात्री डोक्यावर दिसणारं मृग जूनमध्ये दिसत नाही, कारण तेव्हा ते सूर्याच्या पाठीमागे असतं.

तिथी चंद्रावर चालते, म्हणून दिवाळी-पाडवा मागंपुढं होतो. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून आर्द्रा, तरणा, म्हातारा, हत्ती यांच्या तारखा दरवर्षी जवळपास त्याच राहतात.

सूर्य आहे तरी काय?

सूर्य हा तापलेल्या वायूचा गोळा आहे. त्यात बहुतेक हायड्रोजन आणि हेलियम. एका रेषेत १०९ पृथ्व्या मांडल्या तर त्याची रुंदी भरेल. अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर, त्यामुळे उजेड इथं पोचायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. पृष्ठभागाचं तापमान साडेपाच हजार अंश, तर गाभ्याचं दीड कोटी अंश सेल्सिअस. तिथं दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यातून ऊर्जा निघते. वय सुमारे ४६० कोटी वर्षं. त्याच्या अभ्यासासाठी इस्रोनं २ सप्टेंबर २०२३ रोजी 'आदित्य एल-१' हे यान सोडलं.

पाऊसही सूर्याचाच

उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते. तापलेली हवा वर जाते, हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरून बाष्प घेऊन वारे येतात. हाच आपला मान्सून. म्हणजे वैशाखातलं ऊन वाया जात नाही.

ही जाण जुन्या माणसांना होती. रथसप्तमीला अंगणात रथाची रांगोळी काढून गोवऱ्यांवर दूध उतू घालतात, श्रावणातल्या रविवारी आदित्य राणूबाईची पूजा होते. संक्रांतही सूर्याचीच, तो मकर राशीत जातो म्हणून.

पण पेरणी कशावर करायची?

इथं मात्र सावध राहा. नक्षत्र सूर्याची जागा सांगतं, ढगांची नाही. 'मृग लागला, वाहन बेडूक आहे' म्हणून धूळपेरणी केली आणि पुढं पंधरा दिवस उघडीप पडली, तर दुबार पेरणीचा खर्च आपल्याच डोक्यावर बसतो. बियाणं-खताचे पैसे परत मिळत नाहीत. कोरडवाहू शेतीत ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन-कापसाची घाई करू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तारीख मृगाची धरा, नांगरट-पाळी, बियाणं तयार ठेवा, पण तिफण धरायची ती जमिनीत हात घालून ओल बघूनच.