करंजीचें कूळ

राजांचे वंशवृक्ष आणि लढायांच्या सनावळ्या यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु ज्या वस्तूंनीं घरोघरचे सण साजरे झाले, त्यांच्या कुळाची चौकशी क्वचितच कोणी करतो. दिवाळीच्या फराळांतील करंजी ही अशीच एक उपेक्षित वस्तु होय. करण्यास सोपी, आठवडाभर टिकणारी, ताटवाटी न मांडतां पाहुण्याच्या हातावर ठेवतां येणारी, अशी तिची ख्याति आहे. परंतु तिचा इतिहास पाहूं लागलें असतां असें दिसून येतें कीं, तिची पारी एका मुलखाची, सारण दुसऱ्या मुलखाचें, आणि तिचा सोपेपणा तर पाककृतींत नाहींच. तो शेजारधर्मांत आहे. हें विधान कसें ठरतें तें जरा विस्तारानें पाहूं.

प्रथम नांव. करंज नांवाचा वृक्ष कोंकणांत खाडीकांठीं सर्वत्र आढळतो. त्याची शेंग चपटी, फुगीर व दोहों टोकांस निमुळती असते. तिच्या आकारावरून पक्वान्नास करंजी हें नांव पडलें, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती शेंग हातीं घेऊन पाहणारास ती सहज पटते. म्हणजे नांव तरी अस्सल इथल्या मातींतलें आहे.

वस्तूचें मात्र तसें नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यांतील अन्नभोगाच्या प्रकरणांत मांडे, पोळ्या इत्यादि गव्हाच्या पदार्थांचें तपशीलवार वर्णन आहे. तेव्हां कणीक मळून, लाटून, आंत गोड भरण्याची कला दक्षिणेंत जुनी आहे यांत शंका नाहीं. परंतु सारण भरून, मिटून, तळून काढावयाच्या पुडीचा प्रवास याहून लांबचा आहे. बगदाद येथें इ. स. १२२६ च्या सुमारास लिहिलेल्या एका अरबी पाकग्रंथांत ‘संबूसज’ नांवाचा पदार्थ आहे. तो बहुधा मांसाचा. परंतु साखर व बदाम भरून तो गोडही करावा, असें तेथें सुचविलेलें आहे. पुढें माळव्यांतील मांडूचा सुलतान घियासुद्दीन (इ. स. १४६९-१५००) याच्या दरबारीं ‘निमतनामा’ हा सचित्र पाकग्रंथ तयार होऊं लागला. त्यांत समोशाचे कितीतरी प्रकार दिलेले आहेत. आपली करंजी थेट या घराण्यांतलीच, असें छातीठोकपणें म्हणण्याचें कारण नाहीं. पण ती या आप्तमंडळींत वावरलेली आहे, एवढें म्हणण्यास हरकत नसावी. स्वयंपाकघर हें बाहेरून सोंवळें दिसलें, तरी त्याचीं कवाडें व्यापाऱ्यास कधींच बंद नव्हतीं.

आतां हा व्यापार आपल्या जवळच्याच एका गांवाच्या दृष्टीनें पाहूं. खारघरच्या टेकड्या आणि पनवेलची खाडी यांच्या मधल्या पट्ट्यांत बेलपाडा हें गांव आहे. आज तेथें मेट्रोचें स्थानक आहे, इ. स. २०२३ च्या नोव्हेंबरांत तो मार्ग सुरू झाला. परंतु हा सर्व पट्टा पूर्वीं भाताचा आणि मिठाचा. येथें रोजचें अन्न तांदळाचें, भाकरी तांदळाची, आणि सणाचें पक्वान्नही तांदळाचें. उकडीचा मोदक घ्या. त्याचें आवरण शेतांतल्या तांदळाचें, आंतला नारळ अष्टागराच्या वाड्यांतला, आणि उकडण्यास लागतें तें पाणी. तूप वरून एक धार घालावी, न मिळालें तरी अडत नाहीं. खोबऱ्याच्या सारणाची करंजी ही जणूं त्याच मोदकाची सख्खी बहीण. पण तिचा पोषाख परका. तिला रवा किंवा मैदा हवा, म्हणजे गहूं हवा, आणि गहूं घाटावरचा. तिला साखर हवी, आणि तळण्यास कढईभर तूप हवें.

हा माल येण्याचा रस्ता पनवेलवरूनच होता. इ. स. १८३० मध्यें बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हांपासून १८६३ सालीं घाटांतून आगगाडी धांवूं लागेपर्यंत, मुंबई-पुण्याचा उतारू व माल मचव्यानें पनवेल बंदरास उतरे आणि तेथून गाडीनें घाट चढे. घाटावरचें धान्य खालीं येई, कोंकणचें मीठ आणि नारळ वर जाई. गव्हाची पारी आणि खोबऱ्याचें सारण यांची गांठ पडण्यास याहून सोयीची जागा कोणती असणार? साट्याची करंजी पाहिली म्हणजे तर हा संगम डोळ्यांस दिसतो. तिचे पदर सुटावे म्हणून दोन पोळ्यांमध्यें जो साटा लावतात, तो तूप आणि तांदळाचें पीठ फेसून केलेला असतो. घाट आणि कोंकण तेथें पदरापदरानें एकमेकांत गुंडाळलेले आहेत.

आपल्याकडे अशी रीत आहे कीं, मोदक करतांना एक तरी करंजी करावी, आणि करंज्या करतांना एक तरी मोदक करावा. कारण मोदक हा भाऊ आणि करंजी ही बहीण. भाबडी म्हणून ही रीत हंसण्यावारीं नेण्यासारखी नाहीं. घरच्या तांदळाचा भाऊ आणि बाहेरच्या गव्हाची बहीण यांना एका पंक्तीस बसविण्याची ती युक्ति आहे, असें मला वाटतें.

कोंकणपट्टीनें दक्षिणेस गोव्यापर्यंत गेलें कीं हीच करंजी ‘नेवरी’ होते. तेथें हिंदु घरांत ती चवथीला होते आणि ख्रिस्ती घरांत नाताळच्या कुस्वारांत ती मानानें बसते. पोर्तुगीज अमदानींत इन्क्विझिशननें इ. स. १७३६ मध्यें जें फर्मान काढलें, त्यांत धर्मांतरितांनीं हिंदूंप्रमाणें अळणी भात शिजवूं नये, येथपर्यंत बारकाईनें बंदी घातली होती. चुलीवरच्या भातांतलें मीठ तपासणाऱ्या त्या सत्तेच्या राज्यांतूनही नेवरी तगली, आणि दोन धर्मांच्या सणांत सारखीच तळली जात राहिली. देव बदलले, सणाची तिथि बदलली. मुरड घालणारीं बोटें तीच राहिलीं.

या बोटांकडेच आतां वळूं. करंजीची कृति सांगावयास चार वाक्यें पुरतात. रव्यांत थोडा मैदा मिसळून त्यावर कडकडीत तुपाचें मोहन घालावें व दुधांत घट्ट भिजवून दोन तास झांकून ठेवावें. सुकें खोबरें किसून भाजावें, भाजलेली खसखस, पिठीसाखर व वेलदोडा त्यांत मिसळावा. पीठ कुटून मऊ करावें, पारी पातळ लाटावी, सारण भरून कडा दुधाच्या बोटानें चिकटवाव्या, कातण्यानें कापाव्या अथवा मुरड घालावी. मग मंद आंचेवर तळावें. यांत अवघड असें कांहीं दिसत नाहीं. अवघड आहे ती वेळेची गणना. लाटलेली पारी उघडी राहिली कीं वाळते, वाळली कीं कडा मिटत नाहीं, आणि न मिटलेली करंजी तुपांत उलली कीं तिचें सारण कढईंत जळून मागून येणाऱ्या साऱ्या घाण्यास काळें करतें. म्हणून एकीनें लाटावें, दुसरीनें भरावें, तिसरीनें तळावें, आणि भरलेल्या करंज्यांवर ओला पंचा असावा. करंजी एकटीनें करूं नये, असें जुन्या बायका म्हणत. त्यांत हा रोकडा हिशेब होता. आज माझ्याकडे, उद्यां तुझ्याकडे, या बोलीवर आळींतल्या दहा घरांच्या करंज्या होत. सोपेपणा म्हणतात तो हाच: दहा जणींनीं वाटून घेतलेली मेहनत.

मराठी पाकशास्त्राच्या पुस्तकांत या गोष्टीचें प्रतिबिंब मोठें मौजेचें पडलें आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ इ. स. १८७५ मध्यें निघालें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० मध्यें. पुढें १९७० मध्यें कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली आणि वाटी-चमच्याच्या मापानें घरोघर पोंचली. सासू-आत्या-मावश्यांच्या मेळ्यांत ‘अंदाजानें’ या एका शब्दावर भागत असे. बिऱ्हाड मुंबईच्या दोन खोल्यांत आलें, सून एकटी पडली, तेव्हां तिला वाटी मोजून देणारें पुस्तक लागलें. पुस्तकानें शेजारणीची जागा घेतली. पण पुस्तक मुरड घालीत नाहीं.

दुसरीकडे पदार्थ स्वस्तही झाला. इ. स. १९३२ मध्यें देशी साखरेच्या धंद्यास जकातीचें संरक्षण मिळालें, पुढें डालडा बाजारांत आला, आणि १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. मधल्या महायुद्धांत, १९४३ पासून, मुंबईकरांनीं शिधापत्रिकेवर तोललेल्या धान्यावर दिवाळ्या काढल्या. पण एकंदरींत जी वस्तु थोड्यांची होती ती पुष्कळांची झाली, हा मोठाच लाभ होय. त्याबद्दल हळहळणें हें दुसऱ्याच्या ताटावर दृष्टि ठेवण्यासारखें आहे.

बेलपाड्याकडे पुन्हां पाहावें तर काय दिसतें? इ. स. १९७० मध्यें सिडको स्थापन झाली आणि पनवेल, उरण व ठाण्याकडील पंचाण्णव गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं गेल्या. भाताचीं खाचरें गेलीं; खळीं आणि अंगणेंही आकसलीं. आतां मोदकाचा तांदूळही करंजीच्या गव्हाप्रमाणें दुकानांतूनच येतो. भाऊ-बहीण दोघेंही सारखींच परगांवचीं झालीं आहेत. करंज्यांचे तयार डबे दुकानांत मांडलेले असतात, आणि बचत गटाच्या स्त्रियाही मागणीप्रमाणें करंज्या करून देतात. विकतची करंजी आणणें यांत कमीपणा नाहीं. उलट, जी मेहनत पूर्वीं घरांतल्या बाईची म्हणून हिशेबांत धरलीच जात नसे, तिचें मोल येथें निदान रुपयांत मोजलें जातें. मात्र भाव करतांना पारी, सारण, मुरड आणि आंच यांतल्या प्रत्येकामागें एक माणूस बसलेलें आहे, हें घेणारानें ध्यानांत ठेवावें.

आणि ज्यांना घरींच करावयाच्या असतील, त्यांनीं बरणींतला रवा मोजण्यापूर्वीं माणसें मोजावीं. सदनिकांच्या इमारतींत एका जिन्यावर चार दारें असतात. चारी घरांचा फराळ चार एकट्या बायकांनीं चार रात्रीं जागून करावा, असा कोणत्याही शास्त्राचा दंडक नाहीं. लाटणें पुरुषाच्या हातीं दिलें म्हणून पारी जाड होत नाहीं. इतक्या मुलखांतून आणि इतक्या हातांतून जी वस्तु आपल्यापर्यंत आली, तिला शेवटच्या घरीं एकटीच्या गळ्यांत टाकणें हें तिच्या कुळास शोभण्यासारखें नाहीं.