‘थोडी झीज सोसूनही’

१९०६ च्या डिसेंबरात कलकत्त्याला दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यात स्वदेशीचा ठराव आला. देशी मालाला लोकांनी पसंती द्यावी, इथपर्यंत कोणाचीच हरकत नव्हती. घोडे अडले ते पुढच्या शब्दांवर. देशी माल ‘थोडी झीज सोसूनही’ घ्यावा, अशा अर्थाचे शब्द ठरावात हवेत, हा जहालांचा आग्रह होता आणि तो मान्य झाला. ठराव इंग्रजीत होता. बाजाराच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की देशी कापड दोन पैशांनी महाग पडले तरी तेच घ्या.

वर्षभराने सुरतेत जो मसुदा पुढे आला, त्यात नेमके हेच शब्द नव्हते. ते मुद्दाम गाळले, असा टिळकपक्षाचा आरोप होता; ते नजरचुकीने राहिले, असा गोखल्यांच्या बाजूचा खुलासा होता. २७ डिसेंबर १९०७ रोजी मंडपात जोडा भिरकावला गेला आणि अधिवेशन उधळले. सुरतेचे भांडण अर्थातच याहून पुष्कळ मोठे होते. अध्यक्ष कोण, बहिष्कार कुठवर, स्वराज्य म्हणजे काय, असे अनेक प्रश्न त्यात होते. तरीही देशातला सर्वांत मोठा पक्ष फुटला, त्या वेळच्या कागदपत्रांत ग्राहकाने जास्त दाम द्यावा की नाही यावरचा वाद नोंदलेला आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आणि या वादाच्या दोन बाजूंना उभे असलेले दोघेही आमच्या जिल्ह्यातले: टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरी शहरात झाला, गोखल्यांचा १८६६ साली गुहागरजवळच्या कोतळूक गावी.

कोकणातल्या बाजारपेठांविषयी मी कुठे बोललो, की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. मुंबई-पुण्याला मुलांकडे राहून आलेले गृहस्थ विचारतात, ‘त्या काचेच्या दरवाजाच्या वातानुकूलित दुकानात तीच तूरडाळ, तोच गूळ आपल्या पेठेपेक्षा कितीतरी महाग. लोक घेतात. यात काही अर्थ आहे का?’ प्रश्न आजचा दिसतो, पण महाराष्ट्राने तो गेल्या पावणेदोनशे वर्षांत निरनिराळ्या निमित्तांनी सोडवून पाहिला आहे. त्या उत्तरांचा हिशेब मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

दुसऱ्यासाठी दिलेला दाम

पहिले उत्तर स्वदेशीचे. लोकहितवादींनी १८४९ साली ‘प्रभाकर’मधल्या पत्रांतून देशी वस्तू वापरण्याचा आग्रह धरला, त्या जाड्याभरड्या असल्या तरी. पुढे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, स्वतः सूत काततात, हातच्या सुताची खादी अंगावर घालून १८७७ च्या दिल्ली दरबाराला जातात आणि देशी मालाची दुकाने काढण्याच्या खटपटीत आपली वकिली खर्ची घालतात. वंगभंगानंतर या विचाराला चळवळीचे बळ मिळाले आणि १९०६ मध्ये मुंबईत बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स उभे राहिले. त्याच्या प्रवर्तकांत टिळक होते, टाटा घराण्यातले रतनजी होते.

यामागचा अर्थविचार पक्का होता. १८९६ पासून परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात होती, आणि तिचा फायदा देशी गिरण्यांना होऊ नये म्हणून त्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसवलेला होता. सरकार संरक्षण देत नाही, तर ते ग्राहकाने आपल्या खिशातून द्यावे. जादा दाम म्हणजे स्वखुशीने भरलेली जकातच. गोखले या विचाराच्या विरुद्ध नव्हते. १९०७ च्या फेब्रुवारीत लखनौला त्यांनी स्वदेशीवर मोठे भाषण केले आणि ग्राहकाचे कर्तव्य मान्य केले. त्यांचा आक्षेप होता तो बहिष्कार या शब्दातल्या सूडबुद्धीला.

परंतु ही स्वखुशीची जकात जात कुठे होती? मागणी वाढताच मुंबईच्या गिरण्यांनी धोतरांचे भाव वाढवल्याच्या तक्रारी बंगालमधून होऊ लागल्या. त्याच १९०५ साली मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले होते. दिवे आले म्हणून अंधार पडल्यावरही यंत्रे चालू राहिली आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. यंत्रापाशी उभा कोण होता? १९२१ च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या दोन लाखांहून अधिक माणसांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यात झालेला आढळतो (तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही याच जिल्ह्यात होता). शहराच्या पाच माणसांमागे साधारण एक आमचा. त्यातले पुष्कळ गिरणीत. म्हणजे बंगालमधल्या ग्राहकाने झीज सोसली, मुंबईतल्या चाकरमान्यानेही सोसली आणि नफा तिसऱ्याच्याच तिजोरीत गेला. गरिबाला महाग कापड घ्यायला लावण्यातला अन्याय रवींद्रनाथांनी १९१६ च्या ‘घरे बाइरे’ या कादंबरीत मांडला, तो याच अनुभवावरून.

स्वदेशी चुकली, असे मला म्हणायचे नाही. जादा दामातून नव्या गिरण्यांना, काडेपेट्यांच्या आणि काचेच्या कारखान्यांना उभे राहायला जागा मिळाली. माझा मुद्दा मर्यादित आहे. दुसऱ्याच्या भल्यासाठी जास्त पैसे देणे हा उदात्त व्यवहार खरा, पण ते पैसे पोचतात कुठे हे पाहण्याची सोय त्या ठरावात नव्हती.

शुद्ध मालाचा दाम

दुसरे उत्तर याच चाकरमान्यांच्या वस्तीतून आले. गिरणगावातला कामगार वाण्याच्या खात्यावर जगत असे. पगार महिन्याने आणि तोही उशिरा, म्हणून उधारी. उधारी म्हणून भावाची घासाघीस नाही आणि डाळीत खडे निघाले तरी तोंड उघडता येत नाही. एकाच पगारातून वाण्याची वही भागवायची आणि गावी मनिऑर्डर पाठवायची. वाणी एक आणा जादा लावी, तो आणा रत्नागिरीच्या एखाद्या घरातल्या मिठामिरचीतून कमी होई. आमच्याकडे भात, नाचणी आणि नारळ सोडला तर डाळ, तेल, गूळ, कांदा हे सगळे घाटावरून किंवा मुंबईच्या बोटीने यायचे, तेव्हा इथेही भाव चढेच.

या दुखण्यावरचा इलाज इंग्लंडमधल्या कामगारांनी आधी शोधला होता. २१ डिसेंबर १८४४ रोजी रॉचडेल गावात अठ्ठावीस जणांनी एक दुकान उघडले. माल म्हणजे लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. या दुकानाबद्दल एक गोष्ट नेहमी विसरली जाते. तिथे माल स्वस्त नव्हता. भाव बाजाराचाच असे. माल मात्र निर्भेळ आणि माप पुरे. उरलेला नफा ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. जादा दिलेला पैसा कुठे जातो, या प्रश्नाचे इतके सरळ उत्तर दुसऱ्या कोणी दिलेले माझ्या पाहण्यात नाही.

मुंबईत २ मे १९४३ पासून रेशनिंग सुरू झाले आणि वजनमापाचा, काळ्या बाजाराचा प्रश्न घरोघरी पोचला. १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत सहकारी ग्राहक भांडार निघाले. तेच पुढे ‘अपना बाजार’ या नावाने वाढले. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, भाव भडकतील या धास्तीने सरकारने सहकारी भांडारांना जोर लावला आणि जुलैत दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये ‘सुपर बाजार’ उघडला. आपल्या देशात सुपरमार्केटची कल्पना सर्वसामान्यांपर्यंत पोचली ती अशी, महागाईवरचा उपाय म्हणून. आज तो शब्द नेमका उलट अर्थाने ऐकू येतो.

१९७२ च्या दुष्काळानंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७५ च्या गुढीपाडव्याला बिंदुमाधव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई ग्राहक पंचायतीचा आरंभ केला. पंचायतीने दुकानच काढले नाही. शेजारच्या दहा-बारा घरांनी एक संघ करायचा, महिन्याची यादी द्यायची, माल एका घरी उतरायचा, तिथे सगळ्यांनी मिळून तो वाटून घ्यायचा. जाहिरात नाही, काचेचे कपाट नाही, जागेचे भाडे नाही. वेळ आणि श्रम घरच्यांचे, त्यातही बहुतेक बायकांचे. पंचायतीचा माल परवडतो तो म्हणूनच; दुकानदाराचे काम ग्राहकाने अंगावर घेतलेले असते. ज्याला ते श्रम नकोत, त्याने त्यांचे पैसे मोजावेत, हेही न्यायाचेच झाले.

दिसण्याचा दाम

तिसऱ्या उत्तराला चळवळ लागली नाही. बॉम्बे स्वदेशी स्टोअर्सचे पुढे ‘द बॉम्बे स्टोअर’ झाले. आज फोर्टातल्या त्या दुकानात हस्तकलेच्या वस्तू, भेटी, चहा, उदबत्त्या मिळतात आणि गिऱ्हाईक बहुधा पाहुणे नाही तर परदेशी पाठवणी करणारे. माल अजून देशीच आहे, दामही चढा आहे. मधल्या शंभर वर्षांत झीज सोसण्याची जागा हौसेने घेतली. २००५ च्या सुमारास गोदरेजांनी ‘नेचर्स बास्केट’ काढले, मग परदेशी चीज आणि ऑलिव्हचे तेल ठेवणारी अशी दुकाने शहरोशहरी दिसू लागली. तोवर सहकारी भांडारे मागे पडत चालली होती.

अशा दुकानातल्या चढ्या दामात काय काय असते, ते सुटे करून पाहावे. निवड आणि प्रतवारी, थंड साखळी, मोक्याच्या जागेचे भाडे, नासलेल्या मालाची तूट, आणि उरलेला भाग त्या पिशवीचा. नाशवंत मालात पहिल्या दोन गोष्टींना किंमत आहे. मासे, दूध, पालेभाजी बर्फात आणि वेळेत आली तर त्याचे दोन पैसे द्यावेत. पण तूरडाळ, साखर, मीठ, पोहे हे महिनोन्‌महिने टिकणारे जिन्नस. पाकिटावर कमाल किंमत छापणे कायद्याने सक्तीचे आहे, भेसळीविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे. बंद पाकिटातली एकाच कंपनीची डाळ काचेच्या दारामागे जास्त शुद्ध होत नाही. तिथला जादा रुपया जागेचा आणि दिसण्याचा असतो. तो देणाऱ्याने खुशाल द्यावा, पण शुद्धतेच्या खात्यावर लिहू नये.

आमचाच माल

रत्नागिरीकराला मात्र हा हिशेब एका बाजूने करून चालत नाही, कारण महागड्या दुकानातला सर्वांत महाग माल कधीकधी आमचाच असतो. हापूस.

आंब्याच्या भावात तिन्ही दाम एकत्र येतात. माल अस्सल आहे याचा एक दाम. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी, कारण कर्नाटकातला आंबा आमच्या नावाने सर्रास विकला जातो. पिकवण्याचा एक दाम. गवताच्या अढीत निगुतीने पिकवलेला आंबा आणि बंदी असलेल्या कार्बाइडने रातोरात पिवळा केलेला आंबा यांत फरक आहे, आणि त्या फरकाला वेळ लागतो. तिसरा दाम नावाचा. अक्षयतृतीयेला पहिली पेटी पाठवणाऱ्याला चव घ्यायची नसते, मान राखायचा असतो.

पण हापूसमध्ये साका निघतो. बाहेरून निर्दोष, देखणे फळ. कापले की आत पांढरट, स्पंजासारखा गर. तो बागायतदाराला दिसत नाही, वाशीच्या दलालाला दिसत नाही आणि सगळ्यात महागड्या दुकानालाही दिसत नाही. कोकण कृषी विद्यापीठाने वेंगुर्ल्यात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात काढून १९८१ मध्ये प्रसारित केली, तिच्यात साका नाही. तरी बाजाराने हापूसचे नाव सोडले नाही. दोष ठाऊक असूनही जास्त दाम हापूसलाच मिळतो. यावरून बाजारात फळापेक्षा नाव किती जड असते ते कळते.

त्या जादा दामातले बागेत किती येते, हा आमच्याकडचा खरा प्रश्न आहे. फवारणी, राखण, मजुरी, लाकडी पेटी, गाडीभाडे, हमाली, अडत, एवढे सगळे वजा जाऊन हातात पट्टी येते. पेटी दलालाकडे रवाना करताना भाव बागायतदाराला माहीत नसतो. मे महिन्यात आवक वाढली की शहरातल्या दुकानात भाव हळूहळू उतरतो, बागेतला मात्र एका दिवसात कोसळतो. शंभर वर्षांपूर्वी धोतराच्या जादा दामाचे जे झाले, त्याची आठवण इथे होते. काठावरचे दोघे झीज सोसतात आणि मधला भरतो.

म्हणून त्या गृहस्थांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. टिकाऊ वाणसामान आपल्या पेठेतून किंवा पंचायतीसारख्या संघातून घ्यावे. तिथे जादा दाम देण्याला मला कारण दिसत नाही. नाशवंत मालाला निवडीचे आणि थंडाव्याचे पैसे द्यावेत. आणि आंब्यासारख्या मालाला झीज सोसूनही दाम द्यावा, पण पेटीवर बागेचे नाव आणि नोंदणी पाहून, जमल्यास थेट बागायतदाराकडून. कलकत्त्याच्या ठरावात घातलेले ते शब्द योग्यच होते. रॉचडेलच्या अठ्ठावीस जणांनी जसा हिशेब फळीवर मांडला, तसा तो त्या शब्दांपाठोपाठ कोणी मागितला नाही, आणि आज बिलाचा कागद हातात घेऊन बाहेर पडणारे आपणही मागत नाही.