देहूरोडची धम्मभूमी : २५ डिसेंबरचा सोहळा नेमका कशासाठी?

देहूरोड : दरवर्षी २५ डिसेंबरला मुळशी, मावळ, हवेलीसह राज्यभरातून पांढऱ्या वेशातले उपासक-उपासिका देहूरोडच्या बुद्ध विहाराकडे निघतात. हातात पंचशील ध्वज, तोंडी 'बुद्धं सरणं गच्छामि'. नव्या पिढीतल्या अनेकांना गर्दी माहीत असते, पण तिच्यामागचं कारण माहीत नसतं.

इतिहास
२५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्ते येथे बुद्धमूर्तीची स्थापना झाली. ही मूर्ती रंगूनहून, म्हणजे ब्रह्मदेशातून आणलेली. त्याच महिन्यात बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. नागपूरची धम्मदीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला. म्हणजे दीक्षेच्या जवळपास दोन वर्षं आधीच देहूरोडला बुद्धमूर्ती बसली होती. सामान्य माणसाला समजेल असा बौद्ध धर्मावरचा ग्रंथ आपण लिहीत असल्याचं बाबासाहेबांनी इथल्या भाषणात सांगितलं. 'द बुद्धा अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

२५ डिसेंबरला आणखी एक संदर्भ आहे. १९२७ मध्ये याच तारखेला महाडला मनुस्मृतीचं दहन झालं होतं.

सोहळ्यात काय असतं?
त्रिशरण-पंचशील, बुद्धवंदना, भिक्खूंची धम्मदेसना आणि भीमगीतं. पुस्तकांच्या स्टॉलवर तर झुंबड असते. मिरवणुकांचा खरा थाट वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेला. त्या दिवशी गावोगावच्या विहारांतून सजवलेल्या रथात बुद्धमूर्ती निघते आणि खीरदान होतं. सुजातेनं सिद्धार्थ गौतमाला दिलेल्या खिरीची ही आठवण.

ध्वजाचे रंग
निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच उभे पट्टे आणि सहाव्या पट्ट्यात हे पाचही रंग एकत्र. हा ध्वज १८८५ मध्ये श्रीलंकेत कोलंबोला तयार झाला.

कसं जायचं?
पौडकडून येणाऱ्यांना हिंजवडी-वाकडमार्गे बाह्यवळण रस्त्याने देहूरोड गाठता येतं. गर्दीच्या दिवशी मात्र पुणे-लोणावळा लोकल बरी पडते. उतरायचं ते देहूरोड स्टेशनवर. तुकोबांचं देहू गाव वेगळं, तिथून पुढे आत आहे. पहिल्यांदा येणाऱ्यांची इथं हमखास गफलत होते.