टोटोरोनंतर पंधरा मिनिटांचा ब्रेक

ज्यांना वाचणं सोयीचं पडतं, किंवा जे आज इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहूनही देतेय. बोलताना जिथे घसरले होते तिथे सावरलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

तर झालं असं. आमच्या शहरात दोन दिवसांचा ॲनिमे चित्रपट महोत्सव भरला होता. फार मोठं काही नाही. एक भाड्याचं सभागृह, दीडएकशे खुर्च्या, बाहेर चहा-वडापाव आणि कॉस्प्ले करून आलेली आठ-दहा पोरं. पण पत्रिकेवर एक ओळ होती: ‘सहा चित्रपटांत ॲनिमेचा इतिहास’. इतिहास हा शब्द दिसला की मला राहवत नाही. मी दोन्ही दिवसांचा पास काढला. पहिल्या दिवशी सकाळी ‘माय नेबर टोटोरो’ होता, म्हणून ताईच्या लेकीलाही बरोबर घेतलं. चौथीत आहे ती. टोटोरोची उशी कवटाळून झोपणारी.

पत्रिका अशी होती. पहिला दिवस: ‘माय नेबर टोटोरो’, ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’, ‘अकिरा’. दुसरा दिवस: ‘परफेक्ट ब्लू’, ‘स्पिरिटेड अवे’, ‘युवर नेम’. सहाही चित्रपट अव्वल, त्याबद्दल वाद नाही. आणि पहिल्या दिवसाची कल्पना तर मला फारच आवडली, कारण ते तिन्ही चित्रपट एकाच वर्षाचे, १९८८ चे. एकाच देशात, एकाच वर्षात काय काय चाललं होतं ते एका दिवसात दिसतं. कुणीतरी डोकं लावून केलं होतं हे.

टोटोरो संपला. भाची खुशीत. पंधरा मिनिटांचा ब्रेक. पुढचा चित्रपट काय आहे हे मला माहीत होतं. मी तिला घरी सोडून यायला हवं होतं, ही माझी चूक. पण तिकीट दोन्ही चित्रपटांचं एकत्र होतं, पत्रिकेत वयाबद्दल चकार शब्द नव्हता, आणि ती म्हणाली, ‘मावशी, यातपण दोन भावंडंच आहेत ना?’ पोस्टरवर होतीच दोन भावंडं. बसलो.

ज्यांनी ‘फायरफ्लाइज’ पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच: १९४५, कोबे शहर, अमेरिकी विमानांनी टाकलेले आगीचे बॉम्ब, चौदा वर्षांचा सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको. आई जाते. अन्न संपत जातं. शेवट काय होणार ते चित्रपट पहिल्या मिनिटालाच सांगून टाकतो.

भाची रडली. मीही रडले, अख्खं सभागृह रडत होतं. बाहेर आल्यावर मी संयोजकांपैकी एकाला जरा रागातच विचारलं, की बाबा, लहान मुलांना टोटोरो दाखवून लगेच हे? तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, जपानमध्येही हे असेच लागले होते.’

आणि तो खरं बोलत होता! हे दोन्ही चित्रपट १६ एप्रिल १९८८ ला जपानमध्ये जोडीनंच प्रदर्शित झाले. एका तिकिटात दोन.

हे कसं घडलं ते ऐका. हायाओ मियाझाकींना टोटोरो करायचा होता. पण खेड्यात राहायला आलेल्या दोन बहिणी आणि झाडाच्या ढोलीत झोपणारा एक गलेलठ्ठ प्राणी, यावर पैसा लावायला तोकुमा ही पाठीराखी कंपनी बिचकत होती. मग निर्माते तोशिओ सुझुकी यांनी जोडी जमवली. इसाओ ताकाहाता यांना अकियुकी नोसाका यांच्या १९६७ च्या कथेवर चित्रपट करायचा होता. नोसाकांची दत्तक घरातली धाकटी बहीण १९४५ मध्ये खरोखरच उपासमारीनं गेली होती, आणि तो सल त्यांनी त्या कथेत उतरवला होता. त्या कथेचे प्रकाशक, शिंचोशा, दुसऱ्या चित्रपटाच्या खर्चाला तयार झाले. एकाच वेळी, एकाच छोट्या स्टुडिओत, दोन चित्रपट. माणसं पुरेनात, वेळ पुरेना. ‘फायरफ्लाइज’ प्रदर्शित झाला तेव्हा त्यातल्या एक-दोन प्रसंगांत रंगसुद्धा भरून झाले नव्हते!

तिकीटबारीवर जोडी फार चालली नाही. टोटोरोचं वेड पसरलं ते नंतर, टीव्हीवर लागल्यावर आणि त्याची मऊ खेळणी बाजारात आल्यावर. पण मला जे महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. कुणी आधी टोटोरो पाहिला आणि सुन्न होऊन घरी गेलं. कुणी आधी ‘फायरफ्लाइज’ पाहिला आणि टोटोरोनं त्यांना सावरलं. चित्रपट तेच, क्रम बदलला की अनुभव बदलला. महोत्सवाची पत्रिका ठरवणाऱ्याच्या हातात नेमकी हीच ताकद असते.

म्हणजे संयोजकाचं इतिहासाचं ज्ञान पक्कं होतं. मी गप्प बसले. रिक्षात बसलो आणि भाचीनं विचारलं, ‘मावशी, सेइताचे बाबा कुठे गेले होते?’

‘युद्धावर. नौदलात होते ना ते.’

‘कुणाशी लढायला?’

‘अमेरिकेशी, इंग्रजांशी.’

‘का? त्यांनी आधी मारलं होतं का?’

आणि मी अडकले.

कारण ‘फायरफ्लाइज’मध्ये याचं उत्तर नाही. त्यात बाबा म्हणजे गणवेशातला एक फोटो, आणि आरमाराच्या दिमाखदार संचलनाची एक आठवण. त्यांचं जहाज कुठल्या समुद्रात, कुणाच्या किनाऱ्यावर गेलं होतं, हे चित्रपट सांगत नाही. एका कथेनं सगळं सांगावं असं माझं म्हणणं नाही. पण जिथे ‘इतिहास’ म्हणून सहा चित्रपट लावलेत, तिथे बाकीच्या पाचांपैकी एकानं तरी सांगायला हवं होतं. आणि गंमत म्हणजे असा ॲनिमे चित्रपट आहे. तोही नेमका १९४५ चा.

नाव ‘मोमोतारो: उमि नो शिनपेई’, म्हणजे साधारण ‘मोमोतारो: समुद्रावरचे दैवी सैनिक’. मोमोतारो हा जपानी लोककथेतला नायक. पीच फळातून जन्मलेला मुलगा, जो कुत्रा, माकड आणि फेझंट पक्ष्याला घेऊन राक्षसांच्या बेटावर स्वारी करतो. दिग्दर्शक मित्सुयो सेओ यांनी त्याच्यावर आधी १९४३ मध्ये ३७ मिनिटांचा चित्रपट केला होता, पर्ल हार्बरच्या हल्ल्यावर. मग आला हा ७४ मिनिटांचा, जपानचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. काम कुणी सांगितलं होतं? जपानच्या नौदल मंत्रालयानं. म्हणजे सेइताच्या बाबांच्या खात्यानंच म्हणा ना.

यात काय दिसतं? गोंडस ससे, अस्वलं, माकडं सैनिक झालेत. दक्षिणेकडच्या एका बेटावर ते विमानतळ बांधतात. तिथल्या स्थानिक प्राण्यांना गाणं म्हणत म्हणत जपानी मुळाक्षरं शिकवतात, आणि तेही आनंदानं शिकतात. मग हवाई छत्र्या घेऊन शत्रूवर उड्या. शत्रू म्हणजे डोक्याला शिंगं असलेले इंग्रज. ते थरथरत शरण येतात. तो प्रसंग १९४२ मध्ये सिंगापूरला इंग्रजांनी पत्करलेल्या शरणागतीवरून घेतलाय. आपल्याकडे फारसं बोललं जात नाही, पण त्या शरणागतीत हजारो भारतीय सैनिकही युद्धकैदी झाले होते. पडद्यावर ते कुठेच नाहीत.

हा चित्रपट प्रदर्शित झाला १२ एप्रिल १९४५ ला. मार्चमध्ये कोबेवर बॉम्ब पडून गेले होते, जूनमध्ये पुन्हा पडणार होते. ज्या मुलांसाठी तो काढला, ती बॉम्बहल्ल्यांच्या भीतीनं शहरं सोडून खेड्यांत पाठवलेली. चित्रगृहं ओस. ओसाकाच्या अशाच एका रिकाम्या चित्रगृहात एक सोळा वर्षांचा मुलगा मात्र बसला होता. तो रडला, आणि आपण एक दिवस असा चित्रपट करायचाच असं त्यानं ठरवलं. तो मुलगा म्हणजे ओसामु तेझुका. १ जानेवारी १९६३ पासून ‘ॲस्ट्रो बॉय’ टीव्हीवर आणून ज्यानं ॲनिमेचा धंदाच उभा केला, तो तेझुका.

बघा, केवढी गुंतागुंत आहे. चित्रपट प्रचाराचा. आणि त्याच चित्रपटानं एका मुलाला शांततेच्या काळातला कलावंत केलं. आज आपण फोनवर जे बघतो, त्याच्या मुळाशी हेही आहे.

युद्धानंतर हा चित्रपट नष्ट झाला असंच धरून चालले होते. १९८० च्या दशकात शोचिकु कंपनीच्या गोदामात त्याची निगेटिव्ह सापडली. पुढे त्याची नीट डागडुजी झाली आणि २०१६ मध्ये कान महोत्सवाच्या अभिजात विभागात तो दाखवला गेला. म्हणजे तो सापडत नाही, अशी सबब आता उरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटी गप्पांचा कार्यक्रम होता. (भाची आली नव्हती, ‘परफेक्ट ब्लू’ला तिला नेण्याएवढी मी वेडी नाही.) मी हात वर केला. म्हटलं, तुमचा इतिहास १९८८ ला सुरू होतो. त्याआधीची सत्तर वर्षं कुठे गेली? १९१७ चा ‘नामाकुरा गाताना’ अवघा चारेक मिनिटांचा आहे, ओसाकाच्या जुन्या बाजारात सापडलेला. तो तर चहाच्या ब्रेकआधी दाखवता आला असता. १९५८ चा ‘हाकुजादेन’ आहे, जो शाळकरी मियाझाकींनी पाहिला आणि भारावून गेले. आणि ‘मोमोतारो’?

संयोजक म्हणाला, ‘जुनं कोण बघायला येणार? सभागृहाचं भाडं तरी निघायला हवं. आणि प्रचारपट लावला तर लोक म्हणतील, तुम्ही त्याचं कौतुक करताय.’

पहिला मुद्दा मी मान्य करते. ‘युवर नेम’च्या तिकिटांनीच बाकीच्यांचं भाडं भरलं असणार. पदरचे पैसे घालून महोत्सव भरवणाऱ्यांना घरबसल्या नावं ठेवणं सोपं असतं, आणि त्या पोरांनी दोन दिवस खरंच जीव ओतला होता. दुसरा मुद्दा मात्र मला पटला नाही. प्रचारपट मुलांना एकटा दाखवला तर प्रचार होईल. ‘फायरफ्लाइज’च्या शेजारी लावला तर दोन्ही चित्रपट एकमेकांना प्रश्न विचारायला लागतील.

आणि हे माझं एकटीचं खूळ नाही. ताकाहाता नऊ वर्षांचे असताना, २९ जून १९४५ ला, ओकायामावर बॉम्ब पडले, आणि बहिणीबरोबर ते जळत्या शहरातून पळाले होते. ‘फायरफ्लाइज’मधली आग त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. तरीही ते सांगत, की या चित्रपटानं युद्ध थांबणार नाही. पुन्हा असे हाल नकोत म्हणूनच लढायचं, असं म्हणूनही युद्ध सुरू करता येतं. हाल दाखवणं पुरत नाही. ते सुरू कसं झालं, लोक त्यात हसत-गात कसे सामील झाले, तेही बघायला हवं. हसणं आणि गाणं ‘मोमोतारो’त भरपूर आहे.

तर माझा निकाल. निवड दहापैकी आठ, कारण एकही चित्रपट वाया गेला नाही. पहिल्या दिवसाची कल्पना दहापैकी नऊ. काळजी दहापैकी तीन. टोटोरोच्या तिकिटावर वयाची एक ओळ छापायला काही खर्च येत नाही. आणि ‘इतिहास’ या शब्दाला मी दोनच गुण देईन. माझ्या हातात पत्रिका असती तर ‘युवर नेम’ काढला असता, कारण सभागृहातल्या बहुतेकांनी तो आधीच पाहिला होता. त्या जागी ‘मोमोतारो’. क्रम असा: सकाळी मुलांसाठी टोटोरो, एकटा, वेगळ्या तिकिटावर. दुपारी मोठ्यांसाठी ‘मोमोतारो’, मग चहा, मग ‘फायरफ्लाइज’.

शेवटचं सांगते. पुढच्या रविवारी मी ताईला विचारून भाचीला लॅपटॉपवर ‘मोमोतारो’चे दोनच प्रसंग दाखवले. मुळाक्षरांच्या गाण्याला ती खुदखुदून हसली. मग शेवटचा प्रसंग. गावाकडची छोटी पिल्लं झाडावरून उड्या मारत छत्रीसैनिक बनण्याचा खेळ खेळतात. खाली जमिनीवर एक नकाशा काढलेला असतो, अमेरिकेचा. त्यावर उतरायचं.

ती हसायची थांबली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘म्हणजे हे सेइताएवढे झाले की जाणार?’

मी म्हटलं, ‘हो.’

टोटोरोची उशी तिनं जवळ ओढून घेतली, आणि म्हणाली, ‘मग त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.’

तुमच्या गावात, कॉलेजात कुणी असा महोत्सव भरवत असेल, तर हा भाग त्यांना जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात.