उलट्या क्रमाने वाचायची पोथी

ललितेतर गद्याचा इतिहास लिहिताना आपण प्रवासवर्णने, चरित्रे, निबंध, पत्रे या सर्वांची दखल घेतो. यंत्रांच्या देखभालीसाठी लिहिलेल्या पुस्तकांची मात्र घेत नाही. ही पुस्तके कपाटात राहत नाहीत. ती बाकावर पाने-पक्कडींच्या शेजारी पडलेली असतात आणि त्यांच्या पानांवर ऑइलाचे ठसे असतात. परंतु 'वाचक' या संकल्पनेविषयी ज्याला कुतूहल आहे, त्याने या दुर्लक्षित वाङ्मयाकडे एकदा पाहायला हवे. लिहिलेले वाक्य नीट वाचले गेले की नाही, याचा निकाल येथे दुसऱ्या दिवशी रस्त्यावर लागतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये अशा वाचकांचा एक मोठा वर्ग घडला. त्याचा इतिहास 'लोटस सेव्हन' या छोट्या स्पोर्ट्स कारच्या आधाराने चांगला उलगडता येतो.

या कथेची सुरुवात घरातच होते. अभियांत्रिकीचा विद्यार्थी असलेल्या कॉलिन चॅपमनने १९४८ साली आपली पहिली गाडी तयार केली, ती उत्तर लंडनमधील आपल्या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. तिचा पाया होता जुनी 'ऑस्टिन सेव्हन'. १९२२ ते १९३९ या काळात तयार झालेल्या या स्वस्त, साध्या गाड्या युद्धोत्तर ब्रिटनमध्ये अल्प किमतीत मिळत, आणि त्यांचा सांगाडा घेऊन त्यावर स्वतःची शर्यतीची गाडी उभी करणे हा तरुणांचा छंद होता. चॅपमनची लोटस कंपनी १९५२ साली स्थापन झाली ती याच छंदातून. १९५७ च्या लंडन मोटार प्रदर्शनात तिची 'सेव्हन' आली: पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर रिव्हेटने ठोकलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, फोर्डचे ११७२ सीसीचे साधे इंजिन आणि दोन माणसांपुरती जागा. दारे नाहीत, सोयी जवळजवळ नाहीत.

कारखान्यात जुळवलेल्या गाडीची किंमत खरेदी-करासह १०३६ पौंड होती; सुट्या भागांच्या रूपात तीच गाडी ५२६ पौंडांना मिळे. युद्धकाळात, १९४० साली लागू झालेला हा खरेदी-कर तयार गाडीवर जबर होता, पण सुट्या भागांच्या संचावर तो पडत नसे. ग्राहकाने गाडी स्वतः जुळवावी, व्यावसायिकाकडून पैसे देऊन जुळवून घेऊ नये, ही त्यामागची अट. या अटीशी जोडलेली एक हकिकत लोटसप्रेमींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. संचासोबत जुळणीच्या सूचना देणे नियमात बसत नव्हते. तेव्हा चॅपमनने गाडी सुटी करण्याच्या सूचना दिल्या. ग्राहकाने त्या शेवटाकडून आरंभाकडे वाचायच्या! आख्यायिका म्हणून सोडून दिली तरी तिच्यात वाचनाविषयी एक खोल समज आहे. संस्कृत काव्य शिकताना आपण आधी पदच्छेद करतो, समासांचा विग्रह करतो, आणि मग अन्वय लावतो. जे सोडवता येते तेच पुन्हा बांधता येते, हा त्या पद्धतीमागचा विश्वास आहे. लोटसच्या ग्राहकाला हीच पद्धत नट-बोल्टांच्या भाषेत अवगत करावी लागली.

देखभालीच्या दृष्टीने याचा परिणाम दूरगामी झाला. ज्याने गाडी स्वतः जुळवली आहे त्याला तिचा प्रत्येक सांधा ठाऊक असतो. शिवाय यंत्रभाग रोजच्या वापरातील गाड्यांचे असल्याने सुटा भाग गावातल्या दुकानातही मिळे. समोरचे नाक आणि बॉनेट काढून बाजूला ठेवले की इंजिन चहूबाजूंनी उघडे होते. गरम असतानाच ऑइल काढायचे, म्हणजे गाळ त्याच्याबरोबर वाहून जातो. स्पार्क प्लगच्या टोकाचा रंग पाहून मिश्रणात पेट्रोल जास्त आहे की कमी, याचा अंदाज घ्यायचा. फिलर गेजची पाती घालून व्हॉल्व्हमधील फट मोजायची. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते म्हणून ते ठरावीक मुदतीने बदलायचे. आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचे नाही, आधी तिला भक्कम स्टँडवर टेकवायचे. या गाडीचे खरे दुखणे मात्र डोळ्यांआड असते. पोलादी नळी आणि ॲल्युमिनियमचा पत्रा यांच्या मध्ये पाणी अडकले की दोन्ही धातूंची झीज सुरू होते. वरून चकचकीत दिसणारा पत्रा आत गंजलेली नळी लपवून बसतो. अनुभवी मालक म्हणूनच रंगाकडे पाहण्याआधी रिव्हेटच्या रांगा पाहतो, नळ्यांवर बोट वाजवून आवाज ऐकतो. पाठाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर विश्वास न ठेवणारा हा वाचक समीक्षकाच्या जवळचा आहे.

या वाचकाला त्याचा लेखक मिळाला तो जॉन हेन्स याच्या रूपाने. १९३८ साली सिलोनमध्ये जन्मलेल्या हेन्सनेही आरंभ ऑस्टिन सेव्हनपासूनच केला. तिच्यावरून खास गाडी कशी बांधावी याची पुस्तिका त्याने शाळेत असताना, १९५६ साली, स्वतःच छापली आणि २५० प्रती पाहता पाहता संपल्या. पुढे हवाई दलाच्या नोकरीत १९६५ साली एडनमध्ये असताना एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट दुरुस्त करताना त्याला जाणवले की कारखान्याचे अधिकृत पुस्तक सामान्य मालकासाठी लिहिलेलेच नाही. ते गृहीत धरते की वाचक प्रशिक्षित मेकॅनिक आहे आणि त्याच्या हाताशी सगळी खास अवजारे आहेत. हेन्सने गाडी पूर्ण सुटी केली, प्रत्येक पायरीचे छायाचित्र घेतले आणि पुन्हा जुळवली. त्यातून १९६६ साली त्याचे पहिले दुरुस्ती-पुस्तक निघाले. पुढे जगभर कोट्यवधी प्रती खपलेल्या या मालेची प्रतिज्ञा तीच राहिली: लेखकाने आधी स्वतः गाडी खोलायची, मग लिहायचे. भाष्यकाराने मूळ ग्रंथ स्वतः वाचलेला असावा, इतकी ही साधी अपेक्षा आहे. मात्र ती पाळली की वाक्यरचना बदलते. कारखान्याचे पुस्तक गाडीचे वर्णन करते. हेन्सचे पुस्तक शेजारी उभे राहून आज्ञार्थात बोलते, आणि कोणता बोल्ट गंजून हट्ट धरून बसेल हेही आधीच सांगते.

स्वतःच्या हाताने जुळवलेली वस्तू माणसाच्या ओळखीशी किती जोडलेली असते, याचे सुंदर उदाहरण १९६७ च्या 'द प्रिझनर' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेत आहे. नाव हिरावून घेतलेल्या आणि केवळ 'क्रमांक सहा' म्हणून वागवल्या जाणाऱ्या नायकाची गाडी लोटस सेव्हन आहे. एका भागात तो लंडनला परततो, तेव्हा गाडी परक्या बाईच्या ताब्यात असते. ती आपलीच, हे पटवण्यासाठी तो इंजिनाचा क्रमांक तोंडपाठ सांगतो आणि आपण ती स्वतः बांधल्याचे बजावतो. स्वतःला क्रमांक मानायला नकार देणारा हा माणूस अखेर क्रमांक उच्चारूनच आपले अस्तित्व सिद्ध करतो. फरक इतकाच की हा क्रमांक कोणी त्याच्यावर लादलेला नाही. तो त्याने श्रमाने पाठ केलेला आहे.

१९७३ साली ब्रिटनने युरोपीय समुदायात प्रवेश केला, खरेदी-कराची जागा मूल्यवर्धित कराने घेतली आणि सुट्या संचाचा करलाभ संपला. लोटसने त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कार्स या विक्रेत्याकडे सोपवले. आर्थिक तर्काने पाहता घरगुती जुळणीही तेथेच संपायला हवी होती. ती संपली नाही. केटरहॅमने १९७४ मध्ये जुनी, तिसऱ्या मालिकेची घडण पुन्हा हाती घेतली आणि जुन्या वळणाची ही गाडी आजही तयार तशीच सुट्या भागांतही विकत मिळते. कराच्या सोयीतून जन्मलेली सवय, सोय गेल्यावर, संस्कृती म्हणून टिकली. वाङ्मयप्रकारांच्या इतिहासातही असे पुष्कळदा घडते: ज्या प्रयोजनासाठी रूप जन्मले ते प्रयोजन लोपते आणि रूप मागे उरते.

या संस्कृतीचे गुणगान करताना तिच्या मर्यादा झाकू नयेत. घरी देखभाल करायची तर घराला गॅरेज हवे, हाताशी अवजारे हवीत, रविवार मोकळा हवा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला ही पोथी उघडणे कठीणच होते. शिवाय हौशी वाचनाला शिस्तही हवी असते. ब्रिटिश सरकारने १९६० साली दहा वर्षांहून जुन्या वाहनांना 'एमओटी' ही वार्षिक तपासणी सक्तीची केली आणि १९६७ साली ही मर्यादा तीन वर्षांवर आणली. घरी केलेल्या कामावर वर्षातून एकदा परक्या परीक्षकाची नजर पडू लागली, हे योग्यच झाले. ब्रेकच्या बाबतीत चुकलेला अन्वय इतरांच्या जिवावर बेतू शकतो.

आज या परंपरेसमोर दोन परस्परविरोधी गोष्टी घडत आहेत. एकीकडे आधुनिक सेव्हनच्या इंजिनाचा कारभारही संगणकीय नियंत्रक पाहतो. बिघाड समजून घ्यायला डोळे आणि कान पुरत नाहीत, संकेत वाचणारे उपकरण लागते. हेन्स प्रकाशनानेही २०२० साली नव्या मोटारींसाठी छापील दुरुस्ती-पुस्तके काढणे थांबवत असल्याचे जाहीर केले. त्याच्या आदल्याच वर्षी जॉन हेन्स निवर्तला होता. दुसरीकडे मे २०१८ पासून ब्रिटनमधील चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे फेरफार न केलेल्या बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली आहे. म्हणजे चॅपमनच्या काळातील सेव्हन आज परीक्षकाविना रस्त्यावर येऊ शकते. ती सुस्थितीत ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकाची होतीच. आता पत्र्याआडची नळी गंजली आहे का, हे वर्षातून एकदा पाहणारा दुसरा कोणी उरला नाही. वाचकाला इतके संपूर्ण स्वातंत्र्य क्वचितच मिळते, आणि त्याच्या वाचनावर इतके अवलंबून असणेही क्वचितच घडते.