कल्याण कॅम्प, रेशनची रांग आणि युद्धाची सहा वर्षे

उल्हासनगरात कोणालाही पत्ता विचारावा. रस्त्याचे नाव क्वचितच सांगितले जाते. ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’, ‘कॅम्प पाच’ असे क्रमांक मात्र तत्परतेने ऐकू येतात. तेथे वाढलेल्या तरुणांना या शब्दात काही वावगे वाटत नाही. कॅम्प कसला, कोणाचा, कशासाठी उभा राहिला, हे विचारण्याची गरजही कोणाला भासत नाही. ठाणे-कल्याण परिसरावर दुसऱ्या महायुद्धात एकही बॉम्ब पडला नाही. तरीही ते युद्ध येथे येऊन गेले आणि जाताना आपल्या कितीतरी वस्तू येथेच विसरून गेले. त्या वस्तूंचा हा थोडासा मागोवा.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले तेव्हा ठाणे हे जिल्ह्याचे शांत ठिकाण होते, कल्याण हे रेल्वेचे आणि तांदळाच्या व्यापाराचे गाव होते, आणि डोंबिवली म्हणजे स्थानकाच्या आधाराने हळूहळू वाढणारी वस्ती. युरोपातील लढाईशी या गावांचा संबंध वर्तमानपत्रापुरताच होता. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून वाचकांची सेवा करीत होते. विकतचे वर्तमानपत्र ज्यांना परवडत नसे, त्यांना जगाची खबर अशाच ठिकाणी मिळे. पुढे कागदाची टंचाई झाली, वर्तमानपत्रांची पाने घटली आणि बातम्यांवर सरकारी नियंत्रण आले. छापील बातमी आक्रसली की तोंडी बातमी फुगते, तसेच झाले.

सामान्य माणसाला युद्धाची पहिली झळ लागली ती खिशात. रुपयाच्या नाण्यात तोवर बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी असे. १९४० मध्ये ती निम्म्यावर आणली गेली. त्याच वर्षी एक रुपयाची कागदी नोट पुन्हा चलनात आली आणि १९४३ मध्ये तिच्या जोडीला दोन रुपयांची नोट आली. कागदावर विश्वास नसलेल्यांनी जुने चांदीचे रुपये दडवून ठेवले. चिल्लर इतकी दुर्मिळ झाली की सुटे पैसे साठवणे हा गुन्हा ठरविण्यात आला. तांबे वाचावे म्हणून १९४३ पासून पैशाच्या मध्यभागी भोक पाडले गेले. हा भोकाचा पैसा आमच्या घरी एका जुन्या डब्यात दोऱ्यात ओवून ठेवलेला होता. लहानपणी आम्ही त्याचा उपयोग खेळापुरताच केला. अमेरिकेसारख्या संपन्न देशानेही त्याच वर्षी, १९४३ मध्ये, आपला एक सेंट तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा पाडला, हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले तेव्हा गंमत वाटली. नाण्यांसाठी लागणारी चांदी तर पुढे हिंदुस्थान सरकारला त्याच अमेरिकेकडून उसनी घ्यावी लागली.

नोटा छापणे सोपे होते. ब्रिटिश सरकारच्या वतीने येथे होणाऱ्या युद्धखर्चाचे पैसे लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने जमा होत आणि त्यांच्या आधारावर येथे नोटा निघत. युद्ध संपेपर्यंत चलनातील नोटा सुमारे सहापट झाल्या. घाऊक किमती अडीचपटीच्या आसपास पोहोचल्या. ज्याचा पगार ठरलेला, त्याचे हाल झाले. जी.आय.पी. रेल्वेच्या कामगारांनी महागाई भत्ता मागितला आणि त्यावर १९४० मध्ये बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. कल्याणसारख्या रेल्वेच्या गावात या चौकशीकडे किती डोळे लागले असतील, याची कल्पना करता येते. महागाई भत्ता हा शब्द तेव्हापासून नोकरदारांच्या घरात कायमचा राहिला.

खरे संकट आले ते १९४२ मध्ये. मार्चमध्ये रंगून जपानच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. आपल्या किनारपट्टीचे ताट भाताचे. त्याला हा घाव वर्मी बसला. एप्रिलमध्ये विशाखापट्टण आणि काकिनाडा येथे जपानी बॉम्ब पडले, तेव्हा मुंबईतील अनेक कुटुंबांनी बिऱ्हाडे उचलून गावची वाट धरली. मुंबईत खिडक्यांना काळे कागद लागले, दिव्यांवर झाकणे आली. सरकारने १ सप्टेंबर १९४२ पासून घड्याळही एक तास पुढे ढकलले. ते १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तसेच राहिले. मुंबई शहराची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे होती आणि नगरपालिकेने ती १९५५ पर्यंत सोडली नाही. म्हणजे सरकारी घड्याळ आणि शहराचे जुने घड्याळ यांत दीड तासाहून अधिक अंतर! चर्चच्या घंटेने यांपैकी कोणाचे ऐकावे?

२ मे १९४३ रोजी मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. संपूर्ण शहराला अशी व्यवस्था लागू करण्यात मुंबईचा देशात पहिला क्रमांक लागतो. पाठोपाठ इतर शहरांचीही पाळी आली. कुटुंबातील माणसे मोजणारे कार्ड, ठरलेले दुकान, ठरलेले माप. भात खाणाऱ्यांच्या पिशवीत गहू पडू लागला. पोळीची सवय नसलेल्या घरांत त्या गव्हाचे काय करावे, हा प्रश्न पडला. आपल्या पुष्कळ घरांत आज रोजची झालेली चपाती त्या दिवसांत नाइलाजाने आली, असे जुनी माणसे सांगत. साखर आणि रॉकेल यांचीही तीच गत. कापडाच्या ठाणावर १९४३ पासून सरकारमान्य किंमत छापली जाऊ लागली आणि गरिबांसाठी ‘स्टँडर्ड क्लॉथ’ नावाचे जाडेभरडे कापड निघाले.

आता गंमत पाहा. शहराला तांदूळ मोजून मिळे, तर तो पिकविणाऱ्याकडून लेव्ही म्हणून मोजून घेतला जाई. ठाणे जिल्हा हा भाताचा जिल्हा. मुंबईच्या दारात पिकणारा तांदूळ सरकारी भावाने द्यायचा, आणि त्याच मुंबईत चोरून नेला तर त्याला कितीतरी अधिक भाव! लोकलगाडीच्या बाकाखाली तांदळाची बोचकी लपवून नेणाऱ्यांच्या कथा या लोहमार्गावर पुढची कित्येक वर्षे ऐकू येत. ‘काळाबाजार’ हा शब्द घराघरांत रूढ झाला तो याच काळात. जानेवारी १९४६ मध्ये सरकारने पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या त्या याच काळ्या पैशाला आळा घालण्यासाठी.

रेशनचे पुस्तक अमेरिकन गृहिणीच्याही पर्समध्ये होते. तेथे १९४२ मध्ये साखरेवर आणि मग कॉफीवर बंधन आले. नव्या मोटारी निघणे बंद झाले. गैरसोय म्हणावी ती ही. आपल्या देशात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे अन्नावाचून आणि रोगराईने गेली. मुंबईचे रेशनकार्ड कितीही जाचक असो, त्या कार्डामुळे येथे तसे झाले नाही, हे मान्य केले पाहिजे.

या टंचाईला आपल्या परीने उत्तर देणारा एक तरुण याच टापूत होता. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १९१२ मध्ये जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल वकील झाले आणि सावकाराच्या दारी जाणाऱ्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या उभारल्या. बेचाळीसच्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईच्या गिरण्यांना व रेल्वेला वीज नेणारे उंच मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना मरण आले. त्याच सुमारास, २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर १९४२ या काळात, उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईत जागा बदलत काँग्रेस रेडिओ चालवीत होते. सरकारी आकाशवाणी एक सांगे, हा चोरटा आवाज दुसरे. श्रोता दोन्हींची बेरीज करी.

करमणुकीवरही कात्री आली. कच्च्या फिल्मच्या टंचाईमुळे चित्रपटाची लांबी अकरा हजार फुटांवर, म्हणजे सुमारे दोन तासांवर, आणली गेली. आणि मुख्य खेळाबरोबर सरकारी युद्धवार्तापट दाखविणे सक्तीचे झाले. प्रेक्षक मात्र हटले नाहीत. ‘प्रभात’चा ‘शेजारी’ १९४१ चा, ‘रामशास्त्री’ १९४४ चा. १९४३ च्या ‘किस्मत’मध्ये कवी प्रदीप यांनी परक्यांना देश सोडण्यास बजावणारे गीत लिहिले, त्यात जर्मन आणि जपानी यांची नावे घातल्याने ते सेन्सॉरच्या हातून सुटले. थिएटरातल्या अंधारात बसलेल्यांना खरा रोख कळत होता.

ईस्टरनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी, १४ एप्रिल १९४४ रोजी, दुपारी चारनंतर मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटले. पोटात कापूस, सोन्याच्या विटा आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके. अर्ध्या तासाने त्याहून मोठा दुसरा स्फोट झाला. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. जपान्यांनी हल्ला केला, अशी हूल उठली. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली आणि गोदीतील धान्याचे साठे जळाले. सोन्याच्या विटांची गोष्ट सर्वांच्या लक्षात राहिली. जळालेल्या धान्याची कोणी सांगत नाही.

आता त्या कॅम्पकडे वळू. कल्याणजवळ लष्कराने जो प्रचंड तळ उभारला, त्यात दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. सैनिक येथे थांबत आणि पुढच्या आघाडीवर रवाना होत. युद्ध संपताच त्या ओस पडल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्याच बराकींत, पडदे आणि गोणपाटे लावून, निवारा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि गावाला उल्हासनगर हे नाव लाभले. ‘छोडो भारत’च्या ठरावाला त्या दिवशी बरोबर सात वर्षे झाली होती.

अगदी असेच कोल्हापूरजवळ वळिवडे येथे घडले. रशियाने हद्दपार केलेली पोलंडची कॅथोलिक कुटुंबे इराणमार्गे हिंदुस्थानात आली. त्यांतील सुमारे पाच हजार जणांची, मुख्यतः स्त्रिया आणि मुले यांची, वसाहत १९४३ पासून वळिवड्यात होती. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. १९४८ पर्यंत ते सर्व पांगले. आणि त्यांच्या रिकाम्या बराकींत कोण आले? सिंधी निर्वासितच! आजचे गांधीनगर ते हेच. एका निर्वासिताने सोडलेली जागा दुसऱ्याने घेतली. दोघांनाही आपले मूळ गाव परत मिळाले नाही.

कल्याणच्या पलीकडे नेवाळी येथे मात्र कथा वेगळी झाली. १९४२ च्या सुमारास विमानांच्या धावपट्टीसाठी तेथील गावांतील शेतजमिनी घेण्यात आल्या. शेतकऱ्यांचे म्हणणे, जमीन युद्धापुरती दिली होती. सरकारचे म्हणणे, ती रीतसर संपादित झाली. युद्ध संपले, राज्य बदलले, ताबा संरक्षण खात्याकडे राहिला आणि शेतकरी त्यातील काही भाग कसत राहिले. नौदलाने तेथे कुंपण घालण्यास आरंभ केला तेव्हा, २२ जून २०१७ रोजी, आंदोलन पेटले. रस्ते अडविले गेले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, माणसे जखमी झाली. पावसाळा नुकताच लागला होता. भाताच्या लावणीची वेळ जवळ आली होती, आणि पंचाहत्तर वर्षांपूर्वी ज्यांची शेते गेली त्यांची नातवंडे-पतवंडे रस्त्यावर उभी होती.