क्वान्यामा : दोन देशांतील एक भाषा



आफ्रिका खंडाचा नकाशा शाळेत टांगलेला असेल, तर त्याच्या नैऋत्य भागाकडे एकदा पाहा. वर अंगोला, खाली नामिबिया. या दोन देशांमधली सीमा समुद्रापासून कुनेने नदीच्या काठाकाठाने येते, आणि रुआकाना धबधब्यापाशी नदीला सोडून, पट्टीने आखावी तशी सरळ पूर्वेला ओकाव्हांगो नदीपर्यंत जाते. निसर्ग काही अशी सरळ रेघ ओढीत नाही. ती ओढली जाते कचेरीतल्या मेजावर. ही रेघ एका जुन्या राज्याच्या मधून गेली. त्या राज्याच्या भाषेचे नाव क्वान्यामा.

तुम्ही म्हणाल, इतक्या दूरच्या भाषेशी आपल्याला काय करायचे? पण राज्यांच्या रेघा बदलतात तेव्हा माणसाच्या बोलीचे काय होते, हा प्रश्न काही दूरचा नव्हे. आपल्या सीमाभागात शिकवणाऱ्या गुरुजींना तो पुस्तकात शोधावा लागत नाही.

आधी भाषेची थोडी ओळख करून घेऊ. क्वान्यामा ही बांटू कुळातली. आफ्रिकेच्या मध्य, पूर्व आणि दक्षिण भागांत पसरलेले हे मोठे कुळ. पूर्वेकडची स्वाहिली त्यातलीच. तिची अगदी सख्खी बहीण म्हणजे शेजारची न्डोंगा. एकीचे बोलणे दुसरीला सहज कळते.

या भाषेत माणूस म्हणजे 'ओमुन्हु', आणि माणसे म्हणजे 'ओवान्हु'. यातला 'न्ह' आपल्या 'न्हावी'मधल्या 'न्ह'च्या जवळचा, पण त्यात आवाजापेक्षा श्वास अधिक. आता गंमत पाहा. क्वान्यामा लोकांपैकी एक जण तो 'ओमुक्वान्यामा', अनेक ते 'ओवाक्वान्यामा', त्यांची भाषा 'ओशिक्वान्यामा' आणि त्यांचा मुलूख 'ओउक्वान्यामा'. आपण मराठा, मराठे, मराठी असे शब्दाचे शेपूट बदलतो. तिथे शब्दाचे डोके बदलते.

आपल्याकडे नामांची तीन लिंगे. तिकडे लिंगभेद नाही; पण नामांचे वर्ग दहाच्या वर आहेत, आणि प्रत्येक वर्गाचे डोके वेगळे. झाड 'ओमुति', झाडे 'ओमिति'. देश 'ओशिलोंगो', अनेक देश 'ओइलोंगो'. विशेषणालाही नामाच्या वर्गाप्रमाणे चालावे लागते. 'नेने' म्हणजे मोठा. मोठा माणूस 'ओमुन्हु मुनेने', मोठा देश 'ओशिलोंगो शिनेने', मोठे घर 'एउम्बो लिनेने'. मोठा वाडा, मोठी वाडी, मोठे गाव ही आपलीच रीत. फक्त त्यांचा बदल पुढे आणि आपला मागे. शिवाय उच्चारात सुरांची चढउतार आहे, आणि लिहिताना ती दाखवीत नाहीत. त्या चढउताराचे व्याकरण रीक्का हाल्मे या फिन्लंडच्या विदुषींनी लिहिले, ते २००४ साली.

या लोकांचे जुने धन गुरेढोरे. म्हणून गाईचाच शब्द घेऊ. न्डोंगात गाय म्हणजे 'ओंगोम्बे', क्वान्यामात 'ओंगोबे'. न्डोंगात मगर 'ओंगान्डु', क्वान्यामात 'ओंगाडु'. नुसत्या कानाला वाटेल, मधला म किंवा न बोलण्याच्या घाईत गळला. पण तसे नाही. अनुनासिक आणि त्याला चिकटलेले मृदू व्यंजन अशी जोडी एका शब्दात दोनदा लागोपाठ आली, की दुसऱ्या जोडीतले अनुनासिक जाते. हा नियम इतका बांधेसूद आहे, की बांटू भाषांच्या अभ्यासकांनी त्याला 'क्वान्यामा नियम' असेच नाव दिले.

परक्या शब्दांनाही तिथे घरची शिस्त पाळावी लागते. अनुनासिकामागून कठोर व्यंजन आले की ते मृदू होते. म्हणून इंग्रजी 'टँक'चे झाले 'तांगा', 'इंक'चे 'ओइंगा' आणि 'प्रिंट'चे 'पेलेंदा'. शेवटच्या शब्दात र चा ल झाला, तेही ध्यानात ठेवा.

आता इतिहास. ही भाषा कागदावर आली ती मिशनऱ्यांच्या हातून. १८७० साली फिन्लंडचे मिशनरी न्डोंगा मुलखात पोचले. क्वान्यामांमध्ये १८९१ साली जर्मनीचे ऱ्हेनिश मिशन आले. त्यांच्यापैकी हेर्मान टोन्येस यांनी या भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश १९१० साली छापले. लिपी रोमन. व्याकरण छापले गेले तेव्हा. पण ते पाळले जात होते त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून. लेखी पुस्तक नव्हते म्हणून नियम नव्हते, असे म्हणता येणार नाही.

याच सुमारास रेघेचे प्रकरण पिकत होते. १८८६ च्या डिसेंबरात जर्मनी आणि पोर्तुगाल यांनी आपापले हद्दीचे हक्क कागदावर ठरवले. क्वान्यामांना कोणी विचारले नाही. गंमत अशी, की रेघ नेमकी कुठून जाते यावर दोघांचे एकमत होईना, आणि मध्ये सुमारे अकरा किलोमीटर रुंदीचा पट्टा वादात राहिला. जमिनीवर मात्र राज्य अजून क्वान्यामांचेच होते. १९११ साली मांडुमे या न्डेमुफायो हा तरुण राजा गादीवर आला.

१९१५ हे साल फार वाईट गेले. दुष्काळ आणि उपासमार होतीच. त्यात ऑगस्टात पोर्तुगीज फौजेशी मोंग्वा येथे लढाई झाली. मांडुमेला ओंजिवा ही राजधानी सोडून दक्षिणेला ओइहोले येथे यावे लागले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने जर्मनांचा मुलूख जिंकला होता. म्हणजे पाठीमागे पोर्तुगीज, पुढे नवे सरकार. राजाला आपल्याच राज्याच्या वरच्या भागात जायला बंदी झाली. ६ फेब्रुवारी १९१७ रोजी दक्षिण आफ्रिकेची फौज ओइहोलेवर चालून आली, आणि त्या लढाईत मांडुमे मरण पावला. कोणी म्हणतात गोळी लागून, कोणी म्हणतात शत्रूच्या हाती जायचे नाही म्हणून स्वतःच्या हाताने. पुढे १९२६ साली पोर्तुगाल आणि दक्षिण आफ्रिका यांनी सीमा पक्की केली. वादातला पट्टा अंगोलाकडे गेला. बरीच कुटुंबे खाली दक्षिणेला सरकली.

राज्य गेले, भाषा राहिली. पण रेघेने तिच्यावरही खूण केली. अंगोला १९७५ साली स्वतंत्र झाला, आणि १९८७ साली त्या सरकारने सहा देशी भाषांच्या वर्णमालांना मान्यता दिली. त्यांत क्वान्यामा होती. नामिबिया २१ मार्च १९९० रोजी स्वतंत्र झाला. तिथे राजभाषा इंग्रजी, पण क्वान्यामातूनही मुले अक्षरे गिरवतात. अंगोलात मोठ्या कारभाराची भाषा पोर्तुगीज. त्यामुळे 'ओशिक्वान्यामा'तला 'श' नामिबियात एस आणि एच जोडून लिहितात, तर अंगोलात त्यासाठी एक्स हे अक्षर येते. आपल्या गोव्यात रोमन लिपीतून कोंकणी लिहिणारे 'श' साठी एक्सच घालतात. तोही पोर्तुगीजांचाच वारसा. दोन बाजूंच्या पाट्या वेगळ्या दिसतात, शब्द मात्र एकच. सकाळी भेटलेल्या वडीलधाऱ्याला दोन्हीकडे 'ताते' म्हणजे बाबा आणि बाईमाणसाला 'मेमे' म्हणजे आई म्हणूनच हाक मारतात, आणि विचारतात, 'वा लेले पो?' रात्री नीट झोप लागली ना?

शिक्षकबंधुभगिनींनो, तुमच्यासाठी एवढेच सांगतो. वर्गातले एखादे पोर स्टेशनला 'ठेसन' म्हणते, आणि बाकीची मुले हसतात. पण संस्कृत 'स्थान'चे मराठीत 'ठाणे' झाले, ते याच वाटेने. त्या पोराने आपल्या भाषेचा शेकडो वर्षांचा नियम पाळलेला असतो. त्याला पुस्तकी शब्द जरूर शिकवा, परीक्षेत तोच लागेल. फक्त त्याची बोली अडाणी आहे असे त्याला सांगू नका. फळ्यावर 'स्थान' आणि 'ठाणे', 'स्टेशन' आणि 'ठेसन' शेजारी शेजारी लिहा, आणि नियम त्याचा त्याला शोधू द्या.